निवाडा मान्य, अंमल अमान्य

मुसलमानी धर्मशास्त्रात राज्यकर्त्याची आज्ञा हाच अखेरचा शब्द असून काझी हा त्याचा केवळ हुजऱ्या असतो, हे विधान आमच्या सभामंडपांतून आणि व्याख्यानमालांतून इतक्या वेळा कानी पडते की ते तपासून पाहण्याचे कष्ट आता कोणी घेत नाही. विधान करणारे बहुधा सुशिक्षित असतात आणि ऐकणारे माना डोलावतात. आम्ही आज ते तपासावयास घेत आहोत ते पांडित्याच्या हौसेने नव्हे. जगातील सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशांत ज्याची गणना होते, त्या इंडोनेशियात घटना-न्यायालयाचे निवाडे आणि राज्यकर्त्यांचे वर्तन यांचा झगडा गेली काही वर्षे उघड्यावर आला आहे. आणि त्या झगड्यात इस्लामी न्यायशास्त्र कोणाच्या पारड्यात पडते, हा प्रश्न तेथील मुसलमान विद्वान स्वतःच विचारीत आहेत. प्रंबाननची मंदिरे ज्या भूमीवर उभी आहेत आणि बाली बेटावर ज्या भूमीत लक्षावधी हिंदू आजही पूजाअर्चा करीत आहेत, त्या भूमीत न्यायालयाचा शब्द पोकळ ठरला तर त्याची झळ कोणाला आधी लागेल, हे देवळाच्या आश्रयाने जगलेल्या समाजास वेगळे सांगावयास नको.

प्रथम त्या न्यायालयाची हकीकत. सुहार्तो यांची बत्तीस वर्षांची राजवट १९९८ साली कोसळल्यावर इंडोनेशियाने आपल्या १९४५ च्या घटनेत चार वेळा दुरुस्त्या केल्या. त्यांतील २००१ च्या दुरुस्तीने घटना-न्यायालयाची तरतूद झाली आणि २००३ च्या ऑगस्टात ते अस्तित्वात आले. न्यायाधीश नऊ: तीन राष्ट्राध्यक्षांनी, तीन लोकप्रतिनिधिसभेने आणि तीन सर्वोच्च न्यायालयाने सुचविलेले. या न्यायालयाचा निर्णय पहिला व शेवटचा, त्यावर अपील नाही. तो भर बैठकीत वाचून दाखविला की त्याच क्षणापासून बंधनकारक. निर्णय पहिला व शेवटचा, हे घटनेत स्वच्छ लिहिले आहे. तिच्यात लिहिलेले नाही ते एवढेच, की सरकारने निर्णय पाळला नाही तर काय करावयाचे. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा घेऊन दारात उभा राहणारा बेलीफ तरी असतो. या न्यायालयापाशी तोही नाही. सारा भरवसा समोरच्याच्या लाजेवर.

ती लाज किती पातळ आहे, याचे दाखले आता पुष्कळ साठले आहेत. २०१२ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने तेल व नैसर्गिक वायू यांच्या उत्खननावर देखरेख करणारी सरकारी संस्था घटनाबाह्य ठरविली. संस्था बंद झाली. तिचे काम त्याच दिवशी मंत्रालयाकडे गेले आणि पुढील जानेवारीत निराळ्या नावाची नवी संस्था तेच काम करू लागली. दुकानाची पाटी बदलावी आणि गल्ल्यावर तोच शेठ बसावा, तशातला हा प्रकार. याहून मोठे प्रकरण २०२० च्या रोजगारनिर्मिती कायद्याचे. सत्तरांहून अधिक कायदे एका दमात बदलणारा हा कायदा ऑक्टोबरात संमत झाला. त्यावर २५ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की तो करण्याची रीतच सदोष आहे. जनतेला त्यात वाव मिळाला नाही. दोन वर्षांत तो नीट रीतीने पुन्हा करा, नाही तर तो कायमचा घटनाबाह्य होईल. सरकारने काय केले? ३० डिसेंबर २०२२ रोजी, लोक वर्षअखेरीच्या सुट्टीत असताना, युक्रेनचे युद्ध आणि जागतिक मंदीचे भय पुढे करून अध्यक्षांनी वटहुकूम काढला. त्यात जवळजवळ तोच कायदा पुन्हा आणला आणि २०२३ च्या मार्चमध्ये लोकप्रतिनिधिसभेने त्यावर मोहोर उठविली. लोकांना सहभागी करून घ्या, असे न्यायालयाने सांगितले होते. त्यावर उत्तर म्हणून ज्यात लोकांचा सहभाग शून्य असतो ते साधन, म्हणजे वटहुकूम, निवडण्यात आले.

परंतु आम्हांस सर्वांत विषण्ण करणारी घटना या दोहोंच्या मधली आहे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी लोकप्रतिनिधिसभेने स्वतःच्या वाट्याचे न्यायाधीश अस्वांतो यांना मुदतीपूर्वी परत बोलाविले आणि त्यांच्या जागी न्यायालयाचे सरचिटणीस गुंतूर हमजा यांना नेमले. कारण लपविण्याचीही तसदी कोणी घेतली नाही: आम्ही पाठविलेला माणूस आमचेच कायदे रद्द करतो, अशी सभेतील मंडळींची तक्रार होती. अस्वांतो हे २०२१ च्या त्या पाचांपैकी एक. पुढे २ ऑक्टोबर २०२३ रोजी वटहुकुमातून जन्मलेला नवा कायदा न्यायालयापुढे आला तेव्हा निकाल पुन्हा पाच विरुद्ध चार असाच लागला. फरक एवढाच की पारडे आता सरकारकडे झुकले होते. इतर आठ जण आपापल्या जागी होते. बदलली ती एक खुर्ची.

आता या वर्तनाचे समर्थन करणारे कुराणातील कोणती आयत पुढे करतात ते पाहू. चौथ्या अध्यायातील ५९ व्या आयतीत ईश्वर, त्याचा प्रेषित आणि तुमच्यातील अधिकारी पुरुष, म्हणजे उलिल-अम्र, यांची आज्ञा पाळावी असे सांगितले आहे. तेव्हा राष्ट्राध्यक्ष हे उलिल-अम्र, त्यांचा वटहुकूम ही आज्ञा, आणि प्रश्न मिटला! आमच्याकडील टीकाकार आणि तेथील दरबारी पंडित या ठिकाणी एकमेकांच्या हातात हात घालून उभे दिसतात. मात्र दोघेही आयत अर्ध्यावर सोडतात. तिच्या उत्तरार्धात, तुमच्यात वाद उत्पन्न झाला तर तो ईश्वर आणि प्रेषित यांच्याकडे न्यावा असे सांगितले आहे. म्हणजे अधिकारी पुरुषाशी मतभेद होऊ शकतो आणि तसा झाल्यास निवाड्याचे स्थान त्या पुरुषाच्या बाहेर आहे, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. शिवाय तिच्या लगत आधीची, ५८ वी आयत राज्यकर्त्यांनाच उद्देशून असल्याचे अनेक भाष्यकारांनी मानले आहे: ठेव ज्याची त्याला परत करा आणि लोकांत निवाडा कराल तेव्हा न्यायाने करा. सत्ता ही ठेव, आणि ठेवीची आठवण आधी देऊन मग आज्ञापालनाची गोष्ट काढलेली आहे. हा क्रम उलटा करण्याचा अधिकार कोणाला दिला?

इस्लामी न्यायशास्त्रकारांनी पुढे जी सूत्रे बसविली ती तर या प्रकरणासाठीच घडविली असावीत असे वाटते. एक सूत्र असे, की हाकिमाचा निर्णय मतभेद संपुष्टात आणतो. इजिप्तमधील मालिकी पंथाचे शास्त्री अल्-कराफी (मृत्यू १२८५) यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला: मुफ्तीचे मत आणि काझीचा निवाडा यांत भेद काय, आणि निवाड्यानंतर निराळे मत बाळगणाऱ्यानेही तो का मानावा, याची त्यात चर्चा आहे. दुसरे सूत्र, विचारान्ती केलेला एक निर्णय तसाच दुसरा निर्णय काढून मोडता येत नाही. याचे मूळ खलिफा उमर यांच्यापर्यंत नेले जाते. वारसाहक्काच्या एका खटल्यात त्यांनी एक निर्णय दिला, पुढे तशाच खटल्यात त्यांचे मत पालटले व निर्णयही निराळा दिला. तरी पूर्वीचा त्यांनी उलटविला नाही. खलिफाला स्वतःचाच जुना निवाडा मोडण्याची मुभा नाही. मग दुसऱ्याचा मोडण्याची मुभा कोठून येणार? तिसरे सूत्र, राज्यकर्त्याने रयतेविषयी केलेली प्रत्येक कृती मस्लहतीवर, म्हणजे रयतेच्या हितावर, अवलंबून असते. (या सूत्रातील दोन्ही शब्द, रयत आणि मस्लहत, मराठीने कधीच आपलेसे केले आहेत, त्यांतील दुसऱ्याची मात्र आम्ही मसलत करून त्याला बंद खोलीत नेऊन बसविले, हा आमचा स्वभावधर्म.)

निवाडा होऊनही बलिष्ठ मनुष्य तो जुमानीत नाही, ही अडचण इस्लामी शास्त्राला ठाऊक नव्हती असेही नाही. बगदादचे काझी अल्-मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी राज्यव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात मजालिम नामक न्यायासनाचे सविस्तर वर्णन केले आहे. अधिकाऱ्यांच्या जुलुमाविरुद्ध तेथे दाद मागावयाची. त्या आसनाची कामे सांगताना मावर्दी यांनी एक काम असे नोंदविले आहे, की प्रतिवादीच्या प्रतिष्ठेपुढे किंवा बळापुढे काझी दुबळे ठरले आणि त्यांचे निवाडे अडून राहिले, तर ते येथून अमलात आणावे. सुमारे हजार वर्षांपूर्वी दुखणेही ओळखलेले होते आणि औषधही लिहून ठेवलेले होते. हेच मावर्दी बुवैही अमीर जलालुद्दौला याच्या स्नेहातले. पण अमिराने राजाधिराज अशा अर्थाचा किताब घेण्याचे मनात आणले तेव्हा इतर शास्त्र्यांनी अनुकूल मत दिले आणि मावर्दींनी प्रतिकूल.

यावर कोणी म्हणेल, की ही ग्रंथांतली वांगी झाली. प्रत्यक्षात सुन्नी शास्त्र्यांनी जुलमी राज्यकर्त्यालाही सहन करा, बंडाळी माजवू नका, हेच शतकानुशतके शिकविले. हे खरे आहे आणि आम्ही ते नाकारीत नाही. इंडोनेशियातील नहदतुल उलमा या थोर संस्थेशी निकट असलेल्या उलेमांनी १९५४ साली पश्चिम जावातील चिपानस येथील परिषदेत राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांस ‘गरजेपोटी मान्य केलेला, बळावर अधिष्ठित अधिकारी’ अशा अर्थाचे अरबी अभिधान दिले, तेव्हा हीच परंपरा बोलत होती. पण ते अभिधान कशासाठी दिले हे पाहणे बोधप्रद आहे. ज्या स्त्रीला विवाहात पालक म्हणून उभा राहणारा कोणी नाही, तिच्यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी पालक म्हणून उभा राहतो. त्याची नेमणूक वैध नसेल तर तो विवाहच संशयास्पद ठरतो. म्हणून नेमणाऱ्याला वैधता हवी होती. निराधार स्त्रीचा संसार कायदेशीर व्हावा यासाठी राज्यकर्त्याला मान्यता मिळाली, आणि आज तीच मान्यता न्यायालयाचा निवाडा गुंडाळून ठेवण्यास आधार म्हणून वापरावयाची, याला काय म्हणावे? बंड करू नका असे रयतेला सांगणे वेगळे. तुम्ही निवाड्याच्या वर आहात असे राज्यकर्त्याला सांगणे वेगळे. पहिले सांगणारे शास्त्री पुष्कळ झाले. दुसरे सांगणाऱ्याला शास्त्राधार सापडणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. न्यायालयच निर्मळ नसेल तर? १६ ऑक्टोबर २०२३ रोजी याच न्यायालयाने उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराची चाळीस वर्षांची अट, निवडून आलेल्या प्रांतिक किंवा नगरप्रमुखांपुरती, सैल केली. त्याचा लाभ राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांचे चिरंजीव जिब्रान यांस मिळाला. आणि निकाल देणारे सरन्यायाधीश अन्वर उस्मान हे त्यांच्या आत्याचे यजमान! परंपरेत सांगतात, की खलिफा अली यांचे चिलखत एका ज्यू माणसाकडे सापडले आणि वाद काझी शुरैह यांच्यापुढे गेला, तेव्हा पुत्राची साक्ष पित्याच्या बाजूने चालणार नाही म्हणून काझींनी हसन यांची साक्ष नाकारली, निकाल खलिफाविरुद्ध दिला, आणि अलींनी तो मान्य केला. त्या कथेच्या शेजारी हे प्रकरण मांडून पाहावे. न्यायालयाच्या नीतिमंडळाने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी अन्वर उस्मान यांस सरन्यायाधीशपदावरून दूर केले; निकाल मात्र राहिला. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की या निकालाच्या अंमलबजावणीस कोणतीही अडचण आली नाही. त्याला वटहुकूम आडवा आला नाही. उमेदवारी दाखल झाली, निवडणूक झाली आणि २० ऑक्टोबर २०२४ रोजी शपथविधीही झाला. अनुकूल निवाडा दिवसांत पाळला जातो, प्रतिकूल निवाड्याला वाटा फुटतात.

गोमंतकातील आमच्या वाचकांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. देवाला पाकळ्या लावून कौल मागावयाचा आणि तो मनासारखा मिळाला नाही की प्रश्न फिरवून पुन्हा पाकळ्या लावावयाच्या, असे करणाऱ्यास गावातील वृद्ध मंडळी काय म्हणतात ते आम्ही येथे छापीत नाही.

आणि ओळखीचे तेवढेच नाही. पेशवाईत १७७३ साली नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरविले, त्यास देहान्त प्रायश्चित्तच आहे असे तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. ही कथा आम्ही मुलांना अभिमानाने सांगतो, पण अर्धीच सांगतो. निवाडा झाला, त्याचा अंमल झाला नाही, कारण अंमल करावयाचा हात दोषी ठरलेल्याचाच होता. शास्त्रीबुवांजवळ बेलीफ नव्हता.

आजच्या भारतात निदान घटनेच्या १४४ व्या अनुच्छेदाने देशातील सर्व मुलकी व न्यायिक अधिकाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयास साह्य करण्याचे कर्तव्य घातलेले आहे. तरीही आमचे वर्तन सोयीचेच. शाहबानो प्रकरणाचा निकाल १९८५ साली लागला आणि १९८६ साली संसदेने कायदा करून त्याची धार घालविली, तेव्हा आमच्या समाजात न्यायालयाच्या प्रतिष्ठेविषयी केवढा कळवळा उसळला होता! (त्याच कायद्याचा अर्थ लावून न्यायालयाने २००१ साली घटस्फोटितेच्या हिताचे पुष्कळसे परत मिळवून दिले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.) पुढे २८ सप्टेंबर २०१८ रोजी शबरीमलाचा निकाल चार विरुद्ध एक मतांनी लागला आणि त्यातील कळवळेकऱ्यांपैकी कित्येकांस एकाएकी असे सुचले, की श्रद्धेच्या गोष्टींत न्यायालयाला काय कळते. त्या निकालाशी आमचे वाचक असहमत असतील. त्यांच्या असहमतीला शास्त्रीय आधारही असतील. पीठावरील एका न्यायाधीशांनी स्वतःच तसे मत नोंदविले होते. पुनर्विचाराचे अर्ज झाले आणि २०१९ साली त्यातील मूळ प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविले गेले, हा राजमार्ग. पण निकाल उभा असताना डोंगराच्या वाटेवर बायकांना अडवून माघारी पाठविणे हे कोणत्या मार्गात बसते? इंडोनेशियाच्या वटहुकुमाला नावे ठेवावयाची आणि त्या वाटेवरच्या जमावाला धर्मरक्षक म्हणावयाचे, हे एकाच तोंडाने साधणार नाही.

तेथील मुसलमान समाज मात्र नुसता हातावर हात ठेवून बसलेला नाही. १९१२ साली स्थापन झालेली मुहम्मदिया ही संस्था वटहुकुमांच्या काळाआधीपासून घटनाविरोधी कायद्यांवर न्यायालयात अर्ज करीत आली आहे आणि या कामाला तिने नावच ‘घटनेचा जिहाद’ असे दिले. तेलसंस्थेचा २०१२ चा निकाल तिच्याच अर्जावर लागला. पाण्याच्या खाजगीकरणास वाट करून देणारा कायदा २०१५ च्या फेब्रुवारीत समूळ रद्द झाला तोही तिच्याच अर्जावर. त्याच वर्षी मकासर येथील अधिवेशनात तिने आपले राष्ट्र ही करारभूमी आणि साक्षभूमी असल्याचे जाहीर केले. करार पाळावेत ही आज्ञा कुराणाच्या पाचव्या अध्यायाच्या पहिल्याच आयतीत आहे. घटना हा करार मानला की तो मोडणारा मंत्री केवळ कायद्याचा नव्हे, धर्माचाही अपराधी होतो. ज्यांना जिहाद या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक आहे त्यांनी हा अर्थही टिपून ठेवावा.

२०२४ च्या ऑगस्टात तर निवाड्याची रखवाली रस्त्यावर आली. २० तारखेस न्यायालयाने प्रांतिक निवडणुकीत उमेदवार उभा करण्यासाठी पक्षांना लागणारी मतांची अट उतरविली आणि उमेदवाराचे वय उमेदवारी ठरतेवेळीच मोजावे असे सांगितले. दुसऱ्याच दिवशी लोकप्रतिनिधिसभेच्या समितीने काही तासांत कायदादुरुस्तीचा मसुदा उरकला. वयाच्या बाबतीत तिने घटना-न्यायालय सोडून सर्वोच्च न्यायालयाचा सोयीचा निकाल उचलला. हाकिमाच्या निर्णयाने मतभेद संपतो या सूत्राची याहून उघड पायमल्ली शोधून सापडणार नाही. २२ तारखेस जाकार्तात आणि इतर शहरांत विद्यार्थी, कामगार, कलावंत सभागृहांच्या दारांशी जमले, सभेत गणपूर्ती झाली नाही, मसुदा बारगळला आणि २५ तारखेस निवडणूक आयोगाने न्यायालयाच्या निकालाप्रमाणे नियम केले.

पण ज्यांच्यासाठी शहरे रस्त्यावर येत नाहीत त्यांचे काय? २०१७ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने सांगितले, की सुम्बा बेटावरील मारापू किंवा बटक लोकांतील परमालिम यांसारख्या पूर्वापार श्रद्धा पाळणाऱ्यांना ओळखपत्रावरील धर्माचा रकाना कोरा सोडावयास लावणे घटनाविरोधी आहे. त्याहीपूर्वी, १६ मे २०१३ रोजी, रूढीने चालत आलेली वनवासी समाजांची अरण्ये ही सरकारी अरण्ये नव्हेत असा निकाल झाला होता. आमच्याकडे देवराई जशी गावाची आणि देवाची, तशीच ही अरण्ये. फरक इतकाच की तेथे संपूर्ण समाज त्यांवर जगतो. निकालानंतर साडेतीन वर्षांनी, २०१६ च्या डिसेंबरअखेर, राष्ट्राध्यक्षांनी पहिल्या नऊ समाजांना मिळून सुमारे १३ हजार हेक्टर अरण्य परत दिले. बाकीच्यांनी आधी आपण ‘रूढिसमाज’ असल्याचे जिल्ह्याच्या सभेकडून ठराव करून मान्य करून घ्यावयाचे, मग मंत्रालयाकडे अर्ज करावयाचा. ठराव होईपर्यंत दप्तरात अरण्य सरकारचेच राहते, आणि लाकडाचे व पामतेलाचे परवाने त्या दप्तरावरून निघतात.